हैदराबादचा क्लोरोफॉर्म आयोग आणि उपकरणांची परीक्षा

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात पाचव्या दिवशी संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. वक्त्या निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत.)



कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो ‘शस्त्रक्रियेतील नवी उपकरणे आणि तपासण्या’. आता नव्या उपकरणांची यादीच हवी असेल तर ती तुमच्या नातवंडांच्या मोबाइलवर माझ्यापेक्षा ताजी मिळेल. म्हणून मी विषय थोडा वळवून घेतला आहे. एखादे उपकरण किंवा एखादी पद्धत आधीच्यापेक्षा चांगली आहे, हे ठरवायचे कसे? तिची परीक्षा कोणी आणि कशी घ्यायची? त्यासाठी उदाहरण आपल्याच गावातले घेते.

आपल्यापैकी बहुतेकांची घरे काचीगुडा, गौळीगुडा, सुलतान बाजार या भागांत गेली. कोठीला जी जुनी रेसिडेन्सी आहे, तिथे १८८५ पासून एडवर्ड लॉरी नावाचे एक सर्जन होते. हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुखही तेच. वैद्यकाच्या इतिहासात आपल्या शहराचे नाव दोन गोष्टींसाठी घेतात. एक, सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ ला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले ती. ती सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरी लॉरीसाहेबांची, ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग’. आमच्या भूलशास्त्राच्या पुस्तकांत आजही या आयोगाचे नाव येते, पण हैदराबादकरांनाच ते फारसे माहीत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगते. १८४६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बॉस्टनला ईथर हुंगवून पहिली जाहीर शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणले. ईथर पेट घेते, त्याने खोकला येतो, भूल चढायला वेळ लागतो. क्लोरोफॉर्म गोड वासाचे, थोडेसेच पुरते, पेटत नाही. डॉक्टरांना ते देवाने दिल्यासारखे वाटले. पण तीन महिनेही झाले नव्हते, तोच २८ जानेवारी १८४८ ला इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म हुंगताना दगावली. शस्त्रक्रिया कसली होती? पायाच्या बोटाचे नख काढायचे होते. मुलगी धडधाकट, पण फार घाबरलेली. हे ‘घाबरलेली’ तेवढे लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

जाता जाता एक सांगते. सिनेमात खलनायक रुमाल नाकाला लावतो आणि तीन सेकंदांत नायिका मान टाकते, तसे मुळीच होत नाही. काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्या वेळात नायिका खलनायकाचे केस उपटू शकते.

त्यानंतर असे मृत्यू अधूनमधून होतच राहिले. प्रमाण साधारण अडीच-तीन हजारांत एक. ऐकायला थोडे वाटते, पण दात काढायला आलेला तरुण टेबलावरच गेला तर त्याच्या घरच्यांना हिशेब सांगून उपयोग नसतो. डॉक्टरांत दोन तट पडले. लंडनकडचे म्हणत, क्लोरोफॉर्म हृदयावर घाला घालते, म्हणून नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोकडचे म्हणत, आधी श्वास बंद पडतो, हृदय त्याच्या मागून थांबते, म्हणून श्वासाकडे बघा, नाडीची चिंता सोडा. लॉरी हे एडिंबरोच्या सायम यांचे शिष्य. गुरूच्या शब्दावर त्यांची निष्ठा आपल्याकडच्या घराणेदार गवयासारखी होती.

१८८८ मध्ये लॉरींनी इथे एक आयोग नेमवला. शंभराहून अधिक कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन पाहिले. प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला, हृदय नंतर. निकाल विलायतेला कळवला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला तो पटेना. तेव्हा निजाम सरकारने, म्हणजे सहावे निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने, एक हजार पौंड देऊ केले आणि सांगितले, तुमचाच माणूस पाठवा, त्याच्यासमोर पुन्हा प्रयोग करू. शंका घेणाऱ्यालाच भाडे देऊन बोलवायचे आणि ‘ये, बघ’ म्हणायचे, ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. आजही किती कंपन्या असे करतील?

लॅन्सेटने लॉडर ब्रंटन यांना पाठवले. ते औषधशास्त्रातले मोठे नाव, आणि क्लोरोफॉर्मने हृदयाला धोका असतो असे मानणाऱ्यांपैकी. १८८९ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत दुसरा आयोग बसला. लॉरी अध्यक्ष, आणि सभासदांत आपल्याकडचे डॉक्टर रुस्तमजी हकीम हेही होते. मेडिकल स्कूलच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी रूपाबाई फर्दूनजी या पारशी बाई त्याच वर्षी शिकून बाहेर पडल्या आणि त्यांनी आयोगाच्या कामात हातभार लावला. पुढे १९०९ मध्ये त्या एडिंबरोला जाऊन आणखी शिकून आल्या आणि इथल्या दवाखान्यांत भूल देत राहिल्या. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतात. माझ्या उमेदवारीच्या काळात मला हे कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

या वेळी कुत्र्यांबरोबर माकडे, शेळ्या, घोडे, मांजरे, ससे, सगळे होते, मिळून चारशेहून अधिक प्राणी. आजच्या नीतिनियमांत हे बसणार नाही आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कुत्रे आहे त्यांना ऐकवणारही नाही, पण झाले ते असे झाले. रक्तदाब मोजायला फिरत्या कागदावर रेघ ओढणारे यंत्र होते. रेघ खाली आली की दाब पडला. श्वास थांबला तो क्षण आणि हृदय थांबले तो क्षण, दोन्ही कागदावर उमटत. त्या नोंदींचे फोटो काढून ठेवले. तोवर या विषयावर इतके काटेकोर काम कोणी केले नव्हते. निकाल पहिल्यासारखाच लागला. ब्रंटन आपले जुने मत सोडून लॉरींच्या बाजूला आले आणि त्यांनी लंडनला तार केली : धोका गुदमरण्याचा आणि अतिमात्रेचा आहे, थेट हृदयाला नाही. १८९० साली सगळा अहवाल लॅन्सेटमध्ये छापून आला.

झाले! हैदराबादेने लंडनला धडा शिकवला. इथवर गोष्ट थांबवली तर आपल्या अभिमानाला छान. बरेच लोक इथेच थांबवतात. पण निष्कर्ष चुकीचा होता, आणि तो कसा चुकला हेच मला आज सांगायचे आहे.

प्रयोग खोटे नव्हते, रेघाही खऱ्या होत्या. बहुतेक प्रयोगांत त्यांनी केले काय, तर प्राण्याला श्वास थांबेपर्यंत क्लोरोफॉर्म देत गेले. म्हणजे मात्रा जास्तीच झाली. जास्त मात्रेने मेंदूतले श्वासाचे केंद्र आधी बंद पडते, हृदय थोडे मागून. ते अगदी बरोबर आहे. पण विलायतेत माणसे मरत होती ती अतिमात्रेने नव्हे. ती मरत होती सुरुवातीलाच, भूल अर्धवट असताना, चाकू लागायच्या आधी किंवा पहिल्या कापासरशी. हॅना ग्रीनरसारखी. किरकोळ शस्त्रक्रिया, तरुण वय, आणि मनात भीती. हैदराबादेत ज्या प्रश्नाचे उत्तर शोधले तो प्रश्न वेगळा होता. पातेल्यातल्या भाताचे एक शित दाबून भात शिजला हे कळते, पण भातात खडा आहे का हे त्या शितावरून कळत नाही.

दुसरे, संख्या. चारशे प्राणी म्हटले की डोळे दिपतात. पण तीन हजारांत एकदा होणारी गोष्ट चारशेंत दिसणार कशी? संख्याशास्त्रात एक सोपा हिशेब आहे. चारशे वेळा करून एखादी घटना एकदाही घडली नाही, तर तिचे प्रमाण सुमारे एकशेतीसांत एकापेक्षा कमी असावे, एवढेच भरवशाने म्हणता येते. एकशेतीसांत एक आणि ‘कधीच नाही’ यांत किती अंतर आहे बघा. लॉरी स्वतःच्या हजारो रुग्णांचा दाखला देत, पण असा दाखला द्यायला नोंदवही लागते आणि ती दुसऱ्याने तपासलेली लागते.

तिसरी गोष्ट सांगताना जरा संकोच वाटतो, कारण लॉरी हे कळकळीचे शिक्षक होते आणि आपल्या विद्यार्थ्यांवर त्यांचा जीव होता. पण परीक्षा घेणाऱ्याला उत्तर आधीच माहीत होते. गुरूचे म्हणणे सिद्ध करायचे होते, ते झाले.

विलायतेत त्याच सुमाराला दुसरे लोक दुसऱ्या वाटेने जात होते. ॲबर्डीनचे मॅकविल्यम यांनी १८८९ मध्येच लिहिले होते की माणूस अचानक मरतो तेव्हा हृदय थांबण्याऐवजी नुसते थरथरत राहते. ठोका नाही, फक्त कापरे. रक्त पुढे सरकतच नाही. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवले की भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनलिन उसळले, म्हणजे भीतीने किंवा वेदनेने जे उसळते तेच, की क्लोरोफॉर्म घेतलेल्या हृदयाला हे कापरे भरते आणि जीव जातो. म्हणजे ‘थोडेसेच दिले, काही होणार नाही’ असे ज्याला सगळे समजत, तिथेच खरा धोका होता. हॅनाच्या मृत्यूनंतर हे कळायला त्रेसष्ट वर्षे लागली.

आता उपकरणांकडे येते, कारण या साऱ्या वादात एक साधी गोष्ट मागे राहिली : रुग्णाच्या नाकात जाणाऱ्या हवेत क्लोरोफॉर्म किती आहे, हे कोणी मोजतच नव्हते. लॉरींची पद्धत म्हणजे कापडाची टोपी, आत थोडा कापूस, त्यावर क्लोरोफॉर्म. आता हिशेब करा. २० अंश सेल्सिअसला क्लोरोफॉर्मवरची हवा पूर्ण भरली तर तिचा पाचवा हिस्सा क्लोरोफॉर्मच असतो. ४० अंशांना, म्हणजे आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी, जवळजवळ निम्मा. आणि भूल टिकवायला लागते किती? एक ते दोन टक्के! टोपीखाली बाहेरची हवा मिसळते म्हणून माणूस वाचतो. मिसळली किती, हे त्या दिवशीच्या उकाड्यावर आणि देणाऱ्याच्या हातावर. रुग्णाने घाबरून श्वास रोखला आणि मग मोठा घोट घेतला, तर तो घोट किती टक्क्यांचा हे देवालाच ठाऊक.

लंडनच्या जॉन स्नो यांना हे पहिल्याच वर्षी उमगले होते. कॉलऱ्याच्या पंपाची गोष्ट शाळेत ऐकली असेल, तेच हे स्नो. टक्केवारी आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांनी पाण्याने थंड ठेवलेले हुंगण्याचे यंत्र बनवले. पण ते १८५८ मध्ये अकाली गेले आणि यंत्राऐवजी रुमालच चालू राहिला, कारण रुमाल सोपा. पुढे ऑगस्टस वॉलर यांनी एक मजेशीर तराजू केला. क्लोरोफॉर्मची वाफ हवेच्या चौपट जड. म्हणून बंद काचेचा एक फुगा त्या मिश्रणात टांगला की वाफ जितकी जास्त तितका फुगा हलका भरतो, जसा पोहणारा माणूस समुद्राच्या खाऱ्या पाण्यात जास्त तरंगतो. वजनातल्या फरकावरून टक्केवारी वाचायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डचे रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन हारकोर्ट यांनी असे यंत्र केले की काहीही केले तरी दोन टक्क्यांच्या वर वाफ जाऊच नये. बाटलीत दोन रंगीत काचमणी सोडलेले. क्लोरोफॉर्म १३ ते १५ अंशांच्या दरम्यान असले तर एक मणी तरंगतो, एक बुडतो. दोन्ही तरंगले किंवा दोन्ही बुडाले तर तापमान चुकले. थर्मामीटर वाचायचीसुद्धा गरज नाही. मला हे यंत्र फार आवडते. आपल्याकडे १५ अंश आणायचे कुठून, हा प्रश्न निराळा!

मग हैदराबाद आयोगाचे सगळे वायाच गेले का? नाही. निष्कर्ष चुकला तरी सवयी उत्तम लावल्या. रुग्णाला आडवे झोपवा, छातीपोटावर घट्ट काही ठेवू नका, श्वासाची वाट मोकळी ठेवा, आणि भूल देणाऱ्याने शस्त्रक्रिया बघत बसू नये, त्याचे डोळे श्वासावरच हवेत. हे शेवटचे मला पहिल्या दिवसापासून शिकवले गेले आणि मीही मुलांना तेच शिकवले. लॉरींच्या हाताखाली रुग्ण वाचत होते ते यामुळे, असे माझे मत आहे. चुकीच्या कारणाने बरोबर काम होत राहिले. आणि अशी गोष्ट तपासायला फार अवघड, कारण यश डोळ्यांसमोर असते. १९५६ मध्ये हॅलोथेन आले आणि क्लोरोफॉर्म मागे पडले. आता ते कोणीच देत नाही.

तुम्ही म्हणाल, सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट, आता विज्ञान पुढे गेले. तर मग २०२१ ची गोष्ट करू. कोविडच्या लाटेत आपण प्रत्येकाने बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले. हे तंत्र १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी काढले, आणि माझ्या धंद्यात इतके प्राण वाचवणारे दुसरे उपकरण नाही. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून आरपार जातात, किती शोषले गेले यावरून यंत्र प्राणवायूची टक्केवारी सांगते. पण यंत्राला ती टक्केवारी आधी शिकवावी लागते. निरोगी माणसांना कमी प्राणवायूची हवा देतात, त्यांच्या धमनीतले रक्त काढून प्रयोगशाळेत तपासतात आणि तो आकडा यंत्राच्या आकड्याशी जुळवतात. प्रयोगशाळेतली ती धमनीची तपासणी हीच खरी कसोटी.

ही माणसे कोण? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शनात किमान दहा माणसे सुचवली होती, आणि त्यांत गडद त्वचेची किमान दोन किंवा पंधरा टक्के, जे जास्त असेल ते. दहांत दोन! २०२० च्या डिसेंबरात मिशिगनच्या डॉक्टरांनी रुग्णालयातल्या नोंदी काढून पाहिल्या. बोटावरचे यंत्र ९२ ते ९६ दाखवत होते आणि धमनीतले रक्त प्रत्यक्षात ८८ च्या खाली होते, असे किती वेळा? गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा, कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा. जवळजवळ तिप्पट. आपण गव्हाळ-सावळी माणसे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. यंत्र फेकून देऊ नका. पण आकडा ९४ आणि माणूस धापा टाकतो आहे, तर माणसावर विश्वास ठेवा आणि दवाखाना गाठा.

चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांतल्या दोन घेते.

एक आजोबा विचारतात, घरच्या साखर मोजायच्या यंत्राचा आणि लॅबचा आकडा जुळत नाही, कोणाचा खरा? आजोबा, खरा धरायचा लॅबचा. घरच्या यंत्रासाठीचा आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की १०० च्या वरचे आकडे शंभरांतल्या पंचाण्णव वेळा पंधरा टक्क्यांच्या आत असावेत. म्हणजे लॅबमध्ये २०० असेल तर घरी १७० ते २३० काहीही येऊ शकते आणि यंत्र पास! शिवाय घरचा थेंब बोटाचा, लॅबचे रक्त शिरेतले. उपाशीपोटी लॅबला जाल तेव्हा यंत्र बरोबर न्या, त्याच वेळी बोटही टोचून बघा, आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. असे चार-पाच वेळा केले की आपले यंत्र नेहमी वर दाखवते की खाली, हे कळेल. पट्ट्यांच्या डबीचे झाकण घट्ट लावा आणि डबीवरची तारीख बघा. आणि हात धुऊन, कोरडे करून बोट टोचा. आत्ता प्रसादाचा मोदक खाऊन तसेच बोट टोचलेत तर आकडा मोदकाचा येईल.

दुसरी चिठ्ठी एका ताईंची. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना काय सांगावे? मागे कधी भूल घेतली असेल आणि काही त्रास झाला असेल तर तो सांगा. घरात कोणाला भुलीने त्रास झाला असेल तर तेही. चालू असलेली सगळी औषधे, आयुर्वेदिक काढे धरून. दात हलत असेल किंवा कवळी असेल तर ते सांगा. सकाळी चहा घेतला असेल तर तो लपवू नका. आणि भीती वाटत असेल तर तीही सांगा. तिच्यावर आता औषध आहे, आणि आमच्या लेखी ती रक्तदाबाइतकीच महत्त्वाची.

उरलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरे प्रसादाच्या रांगेत देते. आरतीची तयारी झालेली दिसते.